‘सिन्फोनिया अंटार्टिका’ कोणी ऐकली आहे का? (व्हॉन विल्यम्स, कॅप्टन स्कॉट आणि शेवटचा वारा)

रानजाई

नमस्कार मंडळी,

दोन महिन्यांपूर्वी पुण्याच्या जुन्या बाजारात एक एलपी मिळाली. कव्हरचा एक कोपरा वाळवीने खाल्लेला, आतली तबकडी मात्र बऱ्यापैकी स्वच्छ. संगीत संचालक सर एड्रियन बोल्ट आणि लंडन फिलहार्मोनिक वाद्यवृंद, १९५३ सालचं ध्वनिमुद्रण. घरी आणून लावली तर संगीत सुरू व्हायच्या आधी एक पुरुषी, भारदस्त आवाज इंग्रजी कविता म्हणू लागला. तो इंग्रज नट जॉन गिलगुडचा आवाज आहे हे नंतर कळलं. मग वाद्यवृंद हळूहळू वर चढू लागला, जड पावलांनी चढण चढावी तसा. दोन पावलं वर, एक खाली, पुन्हा वर. तेव्हापासून ही सिंफनी डोक्यातून जात नाही, म्हणून धागा काढतेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. रेफ व्हॉन विल्यम्स (स्पेलिंगवरून आपण राल्फ म्हणतो, पण तो स्वतः रेफ असाच उच्चार करायचा) हा इंग्रज संगीतकार, जन्म १८७२. कॅप्टन स्कॉटच्या दक्षिण ध्रुव मोहिमेवर ईलिंग स्टुडिओने ‘स्कॉट ऑफ द अंटार्क्टिक’ हा चित्रपट काढला, १९४८ साली. त्याचं संगीत व्हॉन विल्यम्सने दिलं. चित्रपट संपला, पण तो विषय काही त्याला सोडेना. पुढची तीनचार वर्षं त्याने त्याच स्वरांवर काम केलं आणि पाच भागांची सिंफनी उभी केली. १४ जानेवारी १९५३ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये जॉन बार्बिरोली आणि हॅले ऑर्केस्ट्राने ती पहिल्यांदा वाजवली. संगीतकार तेव्हा ऐंशी वर्षांचा होता. नाव इटालियन आहे, म्हणून ‘अंटार्टिका’, मधला ‘क्’ नाही. सुरुवातीला तिला क्रमांकही नव्हता, सातवी हा आकडा नंतर लागला.

मोहिमेची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असेल. स्कॉट, विल्सन, बोवर्स, ओट्स आणि एडगर इव्हान्स हे पाचजण १७ जानेवारी १९१२ रोजी ध्रुवावर पोचले. तिथे अमुंडसेनचा तंबू उभा होता. नॉर्वेची मंडळी १४ डिसेंबरलाच येऊन गेली होती. परतीच्या वाटेवर आधी इव्हान्स गेला. मग पायाला हिमदंश झालेला ओट्स एका सकाळी वादळात तंबूबाहेर पडला, तो आलाच नाही. उरलेले तिघे अन्नाच्या पुढच्या मोठ्या साठ्यापासून ११ मैलांवर तंबूत अडकले. स्कॉटच्या डायरीतली शेवटची नोंद २९ मार्चची आहे.

आता संगीताबद्दल. वाद्यं तर बघा: नेहमीच्या वाद्यवृंदाशिवाय ऑर्गन, पियानो, सेलेस्टा, झायलोफोन, व्हायब्रफोन, घंटा, आणि एक वाऱ्याचं यंत्र. लाकडी पट्ट्यांचा पिंप, त्यावर ताणलेलं कापड आणि बाजूला दांडा. दांडा फिरवला की पट्ट्या कापडावर घासतात आणि वारा सुटतो. जोरात फिरवलं की वाऱ्याचा स्वर चढतो, हात सैल सोडला की उतरतो. शिवाय बायकांचा कोरस आणि एक एकटी सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीत गाणारी गायिका. पण त्यांना शब्द नाहीत. आपण ज्याला आकारात गाणं म्हणतो, तसं नुसतं ‘आ’ गायचं.

पहिल्या भागात ती चढण आहे, मग वाद्यं एकदम विरळ होतात आणि तो बायकांचा आवाज येतो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते, उकाडा मरणाचा, आणि माझ्या हातावर काटा आला. दुसऱ्या भागात जहाजं, देवमासे आणि पेंग्विन. तिसरा ‘लँडस्केप’, त्यावर सगळ्यात शेवटी लिहिते. चौथ्यात ओबोची (सनईच्या जातीचं फुंकवाद्य) एक अतिशय माणसाळलेली सुरावट आहे, घरची आठवण काढणारी. पाचवा भाग कूच केल्यासारखा सुरू होतो, मग पहिल्या भागातली चढण परत येते आणि शेवटी सगळी वाद्यं गप्प. फक्त तो ‘आ’ आणि वारा. तेही विरत विरत जातात.

तिसऱ्या भागाबद्दल. हा भाग जवळजवळ हलतच नाही. खालून हॉर्न, वर बासरी, मध्ये झांजेची थरथर, आणि ताल कुठे आहे ते सापडत नाही. स्वर एकमेकांच्या मागे चालतात, पण अंतर काही कटत नाही. हे बराच वेळ चालतं. आणि मग अजिबात कल्पना नसताना ऑर्गन कोसळतो. कोसळतो हाच शब्द. माणसांपुढे बर्फाची भिंत उभी राहते आणि ती भिंत त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही, असं काहीतरी. या भागावर कवी कोलरिजच्या ओळी दिल्या आहेत. बर्फाच्या धबधब्यांना उद्देशून तो म्हणतो, की तुम्ही एक प्रचंड आवाज ऐकलात आणि उडी घेता घेता जागीच थिजलात. ऑर्गन म्हणजे तो आवाज असावा असं मला वाटतं.

माझे प्रश्न दोन. एक, हे काव्यवाचन हवं की नको? दोन, शूरांची गोष्ट सांगणारी सिंफनी अशी विरून का जाते? शेवट सांगताना माझी एक अडचणही आहे. जुन्या तबकडीची खरखर आणि तो वारा यांच्यातली सीमा मला कळत नाही. सिंफनी नक्की कुठे संपते ते मी अजून ऐकू शकलेले नाही.

---

शुभ्रा_पी

किती सुंदर लिहिलंयस गं. माझा या संगीताशी काडीचा संबंध नाही, घरात नाट्यगीतं आणि भजनं. पण ते ‘आकारात’ वाचून उत्सुकता वाटली. पूर्ण ऐकायला किती वेळ लागतो? आणि सुरुवात पहिल्यापासूनच करायची का?

---

रानजाई

@शुभ्रा, साधारण ४२ ते ४५ मिनिटं. हो, पहिल्यापासूनच. एका बैठकीत ऐक, कानात हेडफोन घालून. मध्ये आवाज खूपच हळू होतो, तेव्हा व्हॉल्यूम वाढवू नकोस, ऑर्गन येईल तेव्हा दचकशील.

---

ताम्हणकाठ

लेख आवडला, पण मला या रचनेबद्दल एक मूलभूत शंका आहे. मी चित्रपट पाहिला आहे, संगीत लक्ष देऊन ऐकलं आहे. सिंफनीतला मोठा हिस्सा तिथूनच आलेला आहे. शीर्षकसंगीत म्हणजे पहिल्या भागाची सुरुवात. पेंग्विन तिथलेच. ओबोची धून स्त्रियांच्या प्रसंगांतली, घरी मागे राहिलेल्या बायकोची. सिंफनीत एखादी कल्पना मांडली जाते, तिच्याशी दुसरी भिडते, दोघींचं काहीतरी होतं आणि शेवटी आपण दुसऱ्याच ठिकाणी पोचतो. इथे पाच चित्रं शेजारी शेजारी टांगली आहेत. दुसरा आणि चौथा भाग काढून टाकला तर काय बिघडतं? मला तर ही एक उत्तम सुइट, म्हणजे सुट्या तुकड्यांची माळ वाटते. सिंफनी म्हणायला जीभ रेटत नाही.

काव्यवाचनाबद्दल: नको. त्या ओळी स्वरलिपीत छापलेल्या आहेत, वाचणाऱ्याने त्या मनात वाचाव्यात. शिवाय तिसरा भाग संपून चौथा न थांबता सुरू होतो. मध्येच कोणी बोलायला लागलं तर तो सांधाच निखळतो. बोल्टनेही पुढे १९७० च्या आसपास दुसऱ्यांदा मुद्रण केलं तेव्हा वाचन ठेवलं नाही.

---

रानजाई

@ताम्हणकाठ, सांध्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य. हा विचार मी केला नव्हता. त्या ऑर्गननंतरच्या थंडीतून थेट ओबो उगवतो, तो परिणाम बोलण्याने जातोच.

पण ‘सिंफनी नाही’ हे मला पटत नाही. दुसरा आणि चौथा भाग काढून बघा. पेंग्विन, देवमासे, बायको, घर, हे सगळं गेलं तर उरतो फक्त बर्फ. मग हरायला कोणी उरतच नाही. चौथ्या भागावर कवी जॉन डनच्या ओळी आहेत: प्रेमाला ना ऋतू कळतो ना मुलूख, ना तास, ना दिवस, ना महिने. ज्या जागी सहा महिने दिवस आणि सहा महिने रात्र, त्या जागेच्या मध्यावर ही ओळ ठेवणं ही चित्रपटाची गरज नव्हती, ती संगीतकाराची मांडणी आहे. आणि पहिल्या भागातली चढण पाचव्यात परत येते तेव्हा ती तीच राहत नाही. पहिल्यांदा आपल्याला वाटतं, चढताहेत. दुसऱ्यांदा आपल्याला माहीत असतं, कुठे जाणार आहेत.

---

खडकवाट

मी नागपूरचा, पेशाने भूशास्त्रज्ञ. संगीतातलं कळत नाही, पण या गोष्टीत एक धागा असा आहे जो थेट आमच्या अंगणात येतो, म्हणून लिहितो.

परतीच्या वाटेवर, ८ फेब्रुवारी १९१२ रोजी, बियर्डमोर हिमनदीच्या काठावर माउंट बकलीपाशी ही मंडळी थांबली. अन्न तुटपुंजं, इव्हान्सची तब्येत ढासळलेली, आणि तरी स्कॉटने तो दिवस खडक तपासायला दिला. विल्सनला कोळशाच्या थरांत पानांचे ठसे सापडले. त्यांनी ते नमुने स्लेजवर चढवले. सगळे मिळून ३५ पौंड, म्हणजे साधारण १६ किलो. आणि शेवटपर्यंत टाकले नाहीत. पुढे तंबू सापडला तेव्हा नमुने स्लेजवर होते.

केंब्रिजच्या सीवर्ड या वनस्पतिजीवाश्मतज्ज्ञाने ते तपासून १९१४ साली अहवाल काढला. पानं निघाली ग्लॉसॉप्टेरिसची. जाती: ग्लॉसॉप्टेरिस इंडिका. हो, इंडिका.

हे पान आमच्याकडे कामठीच्या थरांत मिळतं. जिभेसारखा आकार (‘ग्लॉसा’ म्हणजे ग्रीकमध्ये जीभच), मधोमध ठळक शीर आणि तिच्यापासून दोन्ही बाजूंना जाळीसारख्या बारीक शिरा. मी विद्यार्थी असताना पहिला ठसा हातात आला तो कामठीच्या तांबूस वालुकाश्मात. हातोडीचा घाव बसला, खपली सुटली आणि आत पान. शिरा इतक्या स्पष्ट की काल गळून पडल्यासारखं वाटावं. बोटाने चाचपल्या तर लागतात. वय पंचवीस कोटी वर्षांच्या आसपास.

एडुआर्ड स्यूसने १८८५ मध्ये ज्या जुन्या भूखंडाला गोंडवानालँड म्हटलं, ते नाव गोंडांच्या मुलखावरून आलंय. भारत, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, सगळीकडे हे पान सापडत होतं. दक्षिण ध्रुवाजवळच्या खडकांतला पुरावा त्या पाच माणसांनी ओढून आणला. तिथे एकेकाळी झाडं होती, आणि तो भूभाग आमच्या विदर्भाला जोडलेला होता, हे सांगणारा पुरावा. लोक म्हणतात दगडांच्या ओझ्याने मेले. सगळ्या स्लेजच्या वजनापुढे १६ किलो म्हणजे फार नव्हे, पण त्या अवस्थेत एकेक किलो मोजला जात असणार हेही खरं. मला एवढंच म्हणायचंय की ध्रुवाची शर्यत ते हरले होते, आणि हे त्यांना हरायचं नव्हतं.

रानजाई, या सिंफनीत कुठे दगड आहेत का?

---

रानजाई

@खडकवाट, प्रतिसाद वाचून दोन दिवस काही लिहावंसं वाटलं नाही. दगडांना वेगळी धून नाही. पण आता तिसरा भाग ऐकताना मला ते ओझं ऐकू येतंय. खालच्या वाद्यांत एक स्वर असतो, तो कोणी खाली ठेवत नाही.

---

देवचाफा

चर्चा छान आहे, पण थोडं उलट बोलतो. आपण पुन्हा एकदा स्कॉटच्या पायाशी बसलोय असं वाटतंय. अमुंडसेन कुत्रे घेऊन गेला, बर्फावर जगणाऱ्या लोकांकडून कपडे आणि प्रवास शिकला आणि सगळी माणसं जिवंत परत आणली. स्कॉटने मोटारस्लेज, तट्टू, कुत्रे असं सगळंच अर्धंमुर्धं वापरलं आणि शेवटचा टप्पा माणसांनी गाड्या ओढल्या. चौघांसाठी आखलेल्या तुकडीत ऐनवेळी पाचवा घेतला. आणि जे मेले त्यांचे पुतळे झाले, साम्राज्याला तशा कथा हव्याच होत्या. जो जिवंत परत आला, ज्याने नीट तयारी केली, त्याच्यावर अशी सिंफनी का नाही? मला या गोष्टीचा खरंच राग येतो. शाळेत आम्हाला स्कॉटचा धडा होता, अमुंडसेनचं नाव एका वाक्यात उरकलेलं.

---

पाटीपेन्सिल

@देवचाफा, तुमचा राग समजतो. पण तो राग व्हॉन विल्यम्सलाही आला होता. चित्रपटाचं काम घेतल्यावर त्याने मोहिमेबद्दल वाचायला घेतलं आणि जसजसं वाचत गेला तसतसा तो त्या ढिसाळ नियोजनावर चिडत गेला, असं त्याच्या पत्नीने, उर्सुलाने, चरित्रात लिहून ठेवलंय. हा माणूस पहिल्या महायुद्धात वयाची चाळिशी ओलांडल्यावर स्वतःहून भरती झाला होता, रुग्णवाहिकेवर. जखमी आणि मेलेले त्याने उचलले होते. जॉर्ज बटरवर्थ हा त्याचा जवळचा संगीतकार मित्र १९१६ साली फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या लढाईत गेला. वरच्यांच्या चुकांनी खालचे मरतात हे त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आता एक गोष्ट नीट बघा. शेवटच्या भागावर त्याने स्कॉटच्या डायरीतल्या ओळी घातल्यात. मी त्या मूळ मजकुराशी ताडून पाहिल्या. स्कॉटने जनतेसाठी लिहिलेल्या निरोपात असं आहे: या प्रवासाचा मला पश्चात्ताप नाही, या प्रवासाने दाखवून दिलं की इंग्रज माणसं हालअपेष्टा सोसू शकतात, एकमेकांना मदत करू शकतात आणि पूर्वीइतक्याच धैर्याने मरणाला सामोरी जाऊ शकतात. आम्ही धोके पत्करले, पत्करतोय हे आम्हाला ठाऊक होतं. गोष्टी आमच्या विरुद्ध गेल्या, म्हणून तक्रारीला जागा नाही, ईश्वरेच्छेपुढे मान तुकवतो.

आणि सिंफनीवर काय छापलंय? या प्रवासाचा मला पश्चात्ताप नाही. आम्ही धोके पत्करले, पत्करतोय हे आम्हाला ठाऊक होतं. गोष्टी आमच्या विरुद्ध गेल्या, म्हणून तक्रारीला जागा नाही.

बस. इंग्रज माणसं काढली. पूर्वीइतकं धैर्य काढलं. ईश्वर काढला. साम्राज्याला ज्या वाक्याची गरज होती तेच नेमकं त्याने कात्री लावून बाजूला केलं. उरलं ते कोणत्याही देशातल्या, कोणत्याही माणसाचं. रानजाई, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे. ज्याने ही कात्री चालवली तो शेवटी तुताऱ्या वाजवणार नव्हता.

---

ताम्हणकाठ

हे मला माहीत नव्हतं. जबरदस्त. सुइट की सिंफनी हा माझा मुद्दा मी तूर्तास खाली ठेवतो. आज रात्री पाचवा भाग पुन्हा ऐकतो.

---

देवचाफा

@पाटीपेन्सिल, धन्यवाद. मूळ मजकूर शेजारी ठेवून दाखवलात म्हणून पटलं. अमुंडसेनबद्दलचं माझं म्हणणं कायम आहे, पण या संगीतकाराला मी चुकीच्या रांगेत उभं केलं होतं.

---

दक्षिणवारा

बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज लिहितो. मी मैत्रीवर, म्हणजे अंटार्क्टिकातल्या भारतीय संशोधन केंद्रावर, एक हिवाळा काढला आहे. गोव्याहून, वास्कोच्या संस्थेतून आमची निवड झाली होती. मैत्री शिर्माखर ओअॅसिसमध्ये आहे, म्हणजे बर्फाच्या मधोमध उघड्या खडकाचा पट्टा. मे संपता संपता सूर्य जातो आणि जुलै संपताना परत येतो.

रानजाईने वाऱ्याच्या यंत्राबद्दल लिहिलं म्हणून मुद्दाम ऐकलं. तिथला वारा आपल्याकडच्या वादळासारखा नसतो. आपल्याकडे झाडं असतात, पत्रे असतात, ते ओरडतात. तिथे ओरडायला काही नाही. उंचावरच्या बर्फावरची गार, जड हवा उतारावरून खाली घसरत येते आणि तो एक सलग, खालच्या पट्टीतला घुमारा असतो. कानाआधी छातीला कळतो. झोपण्याच्या खोलीची भिंत हाताला थरथरताना लागायची. तारा आणि दोऱ्या मात्र वरच्या पट्टीत गातात, आणि वारा वाढला की त्यांचा स्वर चढतो. एका इमारतीतून दुसरीकडे जायला दोर बांधलेला असतो. हिमवादळात तो दोर धरून जायचं, आपलाच पुढचा हातमोजा दिसत नाही.

तर ऐकलं. यंत्रातला वारा सुरुवातीला मला खोटा वाटला, नाटकातल्यासारखा. पण तो आणि बायकांचा आवाज एकत्र आले तेव्हा मी हेडफोन काढून ठेवला. दोराचा स्वर तसाच असतो. हिवाळ्याच्या मध्यावर कोणालाही विचारा, प्रत्येकाला कधी ना कधी वाऱ्यात माणसाचा आवाज ऐकू आलेला असतो. आमच्यातला एकजण दोनदा दार उघडून बघून आला होता, कोणी हाक मारली म्हणून. त्याबद्दल आम्ही कधी चेष्टा केली नाही.

हा संगीतकार तिथे कधी गेला नव्हता. त्याला हे कसं कळलं, मी अजून विचार करतोय.

ओट्सबद्दलही सांगायचंय. शाळेत ते ‘बाहेर जाऊन येतो, थोडा वेळ लागेल’ हे वाक्य वाचलं होतं तेव्हा शौर्य वाटलं होतं. पण तंबूचं तोंड सोडायला गोठलेल्या बोटांनी किती वेळ लागतो हे मला आता माहीत आहे. बाकीचे तिघे ते बघत बसले असणार.

---

शुभ्रा_पी

दक्षिणवारा काका, शेवटच्या ओळी वाचून पोटात खड्डा पडला.

मी ऐकली. आईबरोबर. तिला आधी काही सांगितलं नव्हतं. पहिल्या भागातला तो आवाज आल्यावर ती म्हणाली, “ही बाई कोणाला बोलावतेय?” मी म्हटलं, माहीत नाही. शेवटी तोच आवाज परत आला तेव्हा म्हणाली, “आता नाही बोलावत. आता नुसती आहे.” मला याहून जास्त काही लिहिता येणार नाही.

एक प्रश्न. भारताचा या मोहिमेशी आणखी काही संबंध होता का? खडकवाटदादांनी लिहिलं तसं?

---

पाटीपेन्सिल

@शुभ्रा, तुझ्या आईला नमस्कार सांग.

संबंध होता. बोवर्स रॉयल इंडियन मरीनचा अधिकारी होता, म्हणजे मुंबईच्या गोदीतून चालणारं दल. ध्रुवावरच्या त्या प्रसिद्ध फोटोत पाचजण उभे-बसलेले दिसतात ना, पडलेल्या चेहऱ्यांचे? त्यात बोवर्सच्या हातात दोरी आहे. कॅमेऱ्याची कळ तोच ओढतोय.

आणि खेचरं. तट्टू उपयोगाचे नाहीत हे दिसल्यावर ओट्सच्या सूचनेवरून हिंदुस्थान सरकारकडून हिमालयातली सात खेचरं मागवली होती. ती दुसऱ्या वर्षी जहाजातून पोचली, तोवर ओट्स परतीच्या वाटेवर होता. त्यांची नावं नोंदलेली आहेत: लाल खान, गुलाब, बेगम, रानी, अब्दुल्ला, प्यारी आणि खानसाहेब. १९१२ च्या ऑक्टोबरअखेर शोधतुकडी निघाली ती या खेचरांना घेऊन. १२ नोव्हेंबरला बर्फातून तंबूचं टोक दिसलं. तंबूच्या बांबूच्या काठ्या काढून घेतल्या, कापड तिघांवर तसंच पसरू दिलं, वर बर्फाचा ढीग रचला आणि त्यावर स्कीचा क्रूस केला. मग खेचरांना घेऊन थोडे पुढे दक्षिणेकडे गेले, ओट्सला शोधायला. त्याची झोपण्याची पिशवी सापडली. तो सापडला नाही.

---

खडकवाट

गुलाब आणि प्यारी. तिथे. हे मी आयुष्यभर विसरणार नाही.

---

ताम्हणकाठ

ज्यांना या वाटेने आणखी पुढे जायचंय त्यांच्यासाठी: पीटर मॅक्सवेल डेव्हिसची आठवी सिंफनी, ‘अंटार्क्टिक सिंफनी’. ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हे ही संशोधनसंस्था आणि फिलहार्मोनिया वाद्यवृंद यांनी ती लिहवून घेतली, निमित्त होतं व्हॉन विल्यम्सच्या त्या चित्रपटसंगीताला पन्नास वर्षं झाल्याचं. पहिला प्रयोग लंडनला, २००१ मध्ये. डेव्हिसला मात्र खरोखर तिथे पाठवलं होतं. जहाजाचा नाळेकडचा भाग बर्फ फोडत जातो तो आवाज त्याने सुरुवातीलाच घेतलाय. ऐकायला जड आहे, धून धरायला काही मिळत नाही. मला ती आदराने ऐकावी लागते, व्हॉन विल्यम्स मात्र आपोआप ऐकला जातो. जो गेला नाही त्याला ती जागा जास्त सापडली, असं माझं मत.

आणि हो, पाचवा भाग पुन्हा ऐकला. ‘सुइट’ हा शब्द मागे घेतो.

---

दक्षिणवारा

@ताम्हणकाठ, डेव्हिस ऐकली. बर्फ फुटण्याचा आवाज अगदी तंतोतंत. आमचं जहाज अडकलं होतं तेव्हा तीन दिवस तोच ऐकला होता. पण तो जातानाचा आवाज आहे. राहिल्यावरचा आवाज तुमच्या जुन्या माणसाकडे आहे.

---

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा कुठून कुठे गेला.

काल रात्री पुन्हा लावली. या वेळी एलपी नाही, बार्बिरोलीने पहिल्या प्रयोगानंतर काही महिन्यांतच केलेलं मुद्रण, काव्यवाचनाशिवाय. दक्षिणवारा काकांचा प्रतिसाद डोक्यात होता, म्हणून पाचव्या भागाच्या आधी उठून पंखा बंद केला, फ्रीजचं बटणही. खिडकी लावली. कूच सुरू झालं, चढण परत आली, मग एकेक वाद्य खाली बसत गेलं. तो आवाज लांब गेला. शुभ्राच्या आईंनी म्हटलं तसं, आता कोणाला बोलावत नव्हता. वारा राहिला. दांडा फिरवणारा हात सैल होत जातोय हे आता मला ऐकू येत होतं, पट्टी उतरत होती. मी घड्याळ समोर ठेवलं होतं, संपल्याची नेमकी वेळ बघायची म्हणून.

नाही सापडली. मुद्रण संपून प्लेअर थांबला होता तरी मी ऐकत होते.

@खडकवाट, मार्चमध्ये नागपूरला येतेय. ते कामठीचं पान एकदा हातात घेऊन बघायचंय. चालेल ना?

---

खडकवाट

चालेल काय, या. टेबलाच्या वरच्या खणातच आहे. शिरा बोटाला लागतात, बघा.